पियानो वाजतो तेव्हा मांजर काय ऐकते?

२००७ साली अमेरिकेतील एका करड्या मांजरीची चित्रफीत जगभर गाजली. मांजरीचे नाव नोरा. पियानो शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरी ती राहत असे. ती पियानोपुढच्या बैठकीवर चढे, पुढचे दोन्ही पंजे पट्ट्यांवर ठेवी आणि एकेक पट्टी दाबी. २००९ साली लिथुआनियाचे संगीतकार मिंदाउगास पिएचाइतिस यांनी तिच्या या ‘वादना’भोवती ‘कॅटसर्टो’ नावाची रचना बांधली. क्लाइपेडा शहराच्या वाद्यवृंदाने ती सादर केली, तेव्हा मांजर पडद्यावर होती आणि वादक मंचावर. त्याआधी, अठराव्या शतकातील डोमेनिको स्कार्लाती या इटालियन रचनाकाराची एक रचना ‘मांजरीची फ्यूग’ म्हणून प्रसिद्ध झाली. हे नाव त्याने स्वतः दिलेले नाही, पण मांजर पट्ट्यांवरून चालत गेली आणि तिच्या पावलांतून त्याला सुरावट सुचली, अशी दंतकथा आजही सांगितली जाते.

अशा गोष्टी वाचल्या की आपण सहज म्हणून जातो, ‘मांजरीला संगीत आवडते.’ वाक्य तीन शब्दांचे आहे, पण त्यात निदान चार प्रश्न दडलेले आहेत. तिला पियानोचे सूर ऐकू येतात का? ऐकू आले तरी एका रचनेतला आणि दुसऱ्या रचनेतला फरक तिला कळतो का? तिला लय समजते का? आणि हे सगळे असेल, तर तिला ते ऐकावेसे वाटते का? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत वेगळी आहे आणि उत्तरेही प्राण्यागणिक वेगळी येतात. या लेखात ते चार प्रश्न एकामागून एक घ्यावेत असे आम्ही योजले आहे.

हा विषय नुसता गमतीचा नाही. घरातल्या प्राण्याला नको असलेला आवाज बंद करता येत नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला तर उठून दुसऱ्या खोलीतही जाता येत नाही. ‘प्राण्यांना शांत करणारे संगीत’ म्हणून पियानोची ध्वनिमुद्रणे तासन्‌तास लावून ठेवण्याची पद्धत आता बरीच पसरली आहे. त्यातून प्राण्याला सुख मिळते की फक्त मालकाला समाधान, हे ठरवायचे तर पुरावा हवा.

पट्ट्या ८८, कान निरनिराळे

पियानो हे वाद्य सन १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने बनवले. आजच्या पियानोत पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली एक छोटी हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. तारेचे कंपन एका मोठ्या लाकडी फळीकडे जाते आणि ती फळी खोलीतली हवा हलवते. सूर आपटताक्षणी सर्वांत मोठा असतो आणि मग विरत जातो. पेटीत जोवर भाता चालतो तोवर सूर टिकून राहतो, तसे येथे होत नाही. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

पियानोला ८८ पट्ट्या असतात. सर्वांत डावीकडच्या पट्टीची वारंवारता २७.५ हर्ट्झ आणि सर्वांत उजवीकडच्या पट्टीची सुमारे ४,१८६ हर्ट्झ. एक सप्तक वर गेले की वारंवारता दुप्पट होते, म्हणजे पियानोचा पल्ला सव्वासात सप्तकांचा झाला. मात्र तार एकाच वारंवारतेने कंप पावत नाही. मूळ कंपनाबरोबर त्याच्या जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेची कंपनेही उमटतात. यांना आपण उपस्वर म्हणू. पियानोचा आवाज पियानोचा म्हणून ओळखू येतो, त्यात या उपस्वरांचा मोठा वाटा असतो.

आता कानांकडे वळू. एखाद्या प्राण्याला काय ऐकू येते हे त्याला विचारता येत नाही. म्हणून सूर ऐकू आला की ठरावीक हालचाल करायची आणि खाऊ मिळवायचा, असे त्याला शिकवतात. मग सुराची तीव्रता व वारंवारता बदलत जातात. प्राणी जेथे चुकू लागतो, तेथे त्याच्या श्रवणाची सीमा. अशा प्रयोगांत रिकी हेफ्नर आणि हेन्री हेफ्नर या अमेरिकन संशोधकांनी १९८० च्या दशकात केलेली मोजमापे आजही आधारभूत मानली जातात. माणसाचा पल्ला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ. कुत्र्याचा सुमारे ६७ ते ४५,०००. मांजरीचा सुमारे ४८ ते ८५,०००. बजरीगर या लहान पोपटाला २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत चांगले ऐकू येते आणि १०,००० च्या वर जवळजवळ काहीच नाही.

हे आकडे पियानोशेजारी मांडून पाहा. विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखे हे गणित आहे. प्रत्येक पट्टीची वारंवारता आधीच्या पट्टीच्या १.०५९५ पट असते. त्यावरून दिसेल की डावीकडच्या पहिल्या १० पट्ट्यांचा मूळ सूर मांजरीच्या सीमेखाली पडतो आणि पहिल्या १६ पट्ट्यांचा कुत्र्याच्या सीमेखाली. या पट्ट्या वाजल्या तर त्यांना आवाज येतो, पण तो उपस्वरांचा. उलट बाजूला, पियानो जेथे संपतो त्याच्या वर मांजरीचे कान आणखी चार सप्तके ऐकत असतात. उंदराच्या पिलांची, आपल्याला मुळीच ऐकू न येणारी चीची याच भागात असते. मांजरीच्या दृष्टीने आपला संपूर्ण पियानो हे खर्जातले वाद्य आहे!

शिवाय पियानोसमोरच्या मांजरीपर्यंत पोहोचते ते केवळ संगीत नव्हे. हातोड्यांची टकटक, पायाखालच्या दांड्यांचा आवाज, बैठकीची कुरकुर आणि जमिनीतून पंजांना जाणवणारे कंप हे सारे त्यात असते. ध्वनिमुद्रणात यातले बरेच गळून जाते. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, त्यामुळे २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही तिच्यात साठवताच येत नाही. म्हणून ‘प्रत्यक्ष पियानो वाजवला की मांजर येते, पण मोबाइलवर लावला तर ढुंकून पाहत नाही’ या अनुभवात नवल वाटायला नको.

मोझार्ट आणि बहिरी पिल्ले

ऐकू येते का हा प्रश्न आधी न विचारल्यास काय होते, याचे एक उदाहरण घेऊ. १९९३ साली फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध छापला. मोझार्टची दोन पियानोंसाठी असलेली डी मेजर सोनाटा दहा मिनिटे ऐकल्यावर ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आकृत्यांविषयीचे प्रश्न थोडे अधिक चांगले सोडवले, आणि हा परिणाम दहा-पंधरा मिनिटे टिकला. निष्कर्ष एवढाच. पण त्यातून ‘मोझार्ट ऐका, बुद्धी वाढवा’ अशी लाटच उसळली. १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला अभिजात संगीताचे ध्वनिमुद्रण देण्याचा प्रस्ताव मांडला. पुढे २०१० साली व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी तोवरच्या सुमारे चाळीस अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा मोझार्टच्या संगीताचा म्हणून काही खास परिणाम उरला नाही.

१९९८ सालीच राउशर यांनी उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्ले आईच्या पोटात असल्यापासून जन्मानंतर ६० दिवसांपर्यंत त्यांना हीच सोनाटा ऐकवली. ही पिल्ले चक्रव्यूहातून बाहेर पडायला इतरांपेक्षा लवकर शिकली, असे त्यांनी नोंदवले. २००३ साली केनेथ स्टील या मानसशास्त्रज्ञाने एक साधी शंका उपस्थित केली. उंदराची पिल्ले जन्मतः बहिरी असतात. त्यांचे कान उघडायला बारा-एक दिवस लागतात. मग पोटात असताना त्यांनी काय ऐकले? शिवाय प्रौढ उंदराचे ऐकणेही ५०० हर्ट्झच्या खाली फार मंद असते. वरचे गणित येथे लावले तर ८८ पैकी ५१ पट्ट्यांचा मूळ सूर त्याखाली पडतो. म्हणजे सोनाटातील बरेचसे सूर आपण ऐकतो तसे उंदरापर्यंत पोहोचतच नाहीत. राउशर यांनी या आक्षेपांना पुढे उत्तरही दिले. वादाचा निकाल काहीही असो, धडा मात्र स्पष्ट आहे. श्रोत्याचे कान तपासल्याशिवाय संगीताच्या परिणामाबद्दल बोलू नये.

फरक कळतो, पण आवडतो का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच प्राण्यांच्या बाबतीत ‘होय’ असे आहे. जपानमधील केयो विद्यापीठाचे शिगेरू वातानाबे यांनी जावा चिमण्यांवर प्रयोग केले. आपल्या मुनियांची ही नातेवाईक, पिंजऱ्यात पाळण्यासाठी जगभर नेलेली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बाखची पियानोवर वाजवलेली एक फ्रेंच सुइट आणि शोनबर्गची पियानोसाठीची सुइट यांत फरक करायला या चिमण्यांना शिकवले. वाद्य तेच, रचनेची शैली निराळी. चिमण्या ते शिकल्या. पुढे याच दोन रचनाकारांच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या, पूर्वी कधी न ऐकलेल्या रचनाही त्यांनी बरोबर वेगळ्या केल्या. २००१ साली अमेरिकेत आव्हा चेस यांनी कोई जातीच्या तीन शोभिवंत माशांना अभिजात संगीत आणि ब्लूज यांत फरक करायला शिकवले. माशाला बाहेर दिसणारे कान नसतात, पण या कुळातल्या माशांत पोहण्याच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते आणि तिच्यामुळे त्यांचे श्रवण चांगले असते. काचेच्या टाकीशेजारी बोलताना हे लक्षात असू द्यावे.

पण फरक ओळखणे म्हणजे आवड नव्हे. कुकरच्या शिटीतला आणि दारावरच्या घंटेतला फरक आपल्यालाही कळतो. म्हणून त्या ऐकायला आपण तिकीट काढत नाही. आवड जोखायची तर प्राण्याच्या हातात निवड द्यायला हवी. वातानाबे यांनी १९९८ च्या एका प्रयोगात ती दिली होती. पिंजऱ्यात बसण्याच्या दांड्या अशा जोडल्या होत्या की एकीवर बसले तर बाख वाजे आणि दुसरीवर बसले तर शोनबर्ग. चिमणी उडून गेली की संगीत थांबे. चारपैकी दोन चिमण्या बाखच्या दांडीवर अधिक वेळ बसल्या, आणि पुढे विवाल्डी व आधुनिक रचनाकार कार्टर यांच्यातही त्यांनी विवाल्डीला पसंती दिली. उरलेल्या दोघींनी अशी पसंती दाखवली नाही. चार चिमण्यांवरून जातीविषयी विधान करता येणार नाही. पण प्रश्न विचारण्याची ही पद्धत आम्हांला फार मोलाची वाटते. येथे मालकाने ‘तिला आवडते’ असे सांगितलेले नाही. चिमणीने स्वतः कोठे बसायचे ते ठरवले आहे.

ताल धरणारे डोके

तिसरा प्रश्न लयीचा. ‘स्नोबॉल’ नावाचा एक पांढरा काकाकुवा गाण्यावर पाय उचलून डोके हलवी. अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याच्या आवडीचे गाणे निरनिराळ्या गतींनी वाजवून त्याचे चित्रण केले. गाणे जलद केले की त्याची हालचाल जलद होई, संथ केले की संथ. सलग नव्हे, पण मधल्या मधल्या टप्प्यांत तो अचूक ठेक्यावर असे. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने प्राण्यांच्या नाचाच्या हजाराहून अधिक चित्रफिती तपासल्या. ठेका खरोखर धरणारे प्राणी जवळजवळ सगळे पोपटवर्गातले निघाले, आणि त्यांच्या जोडीला आशियाई हत्ती. कुत्र्या-मांजरांत तसा पुरावा मिळाला नाही. २०११ साली जपानमध्ये बजरीगरांना ठोक्याबरोबर चोच मारायला शिकवता आले.

यावरून एक कल्पना पुढे आली. ऐकलेल्या आवाजाची नक्कल करू शकणाऱ्या प्राण्यांच्या मेंदूत ऐकणे आणि हालचाल यांचा दुवा पक्का असतो आणि त्यातूनच ताल धरता येतो, अशी ती कल्पना. पण २०१३ साली कॅलिफोर्नियातील ‘रोनन’ नावाच्या समुद्रसिंहिणीने, जिच्या जातीला नक्कलेबद्दल ख्याती नाही, शिकवल्यावर ताल उत्तम धरून दाखवला. मग २०२२ साली टोकियो विद्यापीठातील हिरोकाझू ताकाहाशी यांच्या गटाने दहा उंदरांच्या डोक्यावर अगदी हलके गतिमापक बसवले आणि त्यांना पियानो ऐकवला. रचना कोणती, तर मोझार्टची तीच दोन पियानोंची सोनाटा! ती मूळ गतीने, म्हणजे मिनिटाला १३२ ठोक्यांनी, आणि त्याहून संथ व जलद गतींनी वाजवली. डोळ्यांना सहसा दिसणार नाहीत इतक्या बारीक हालचाली मापकाने टिपल्या. मिनिटाला १२० ते १४० ठोके असताना उंदरांचे डोके ठेक्याशी सर्वांत चांगले जुळत होते. शेजारी तपासलेल्या वीस माणसांतही हीच गती आढळली. उंदराचे शरीर लहान, हृदय जलद, तरी गती माणसाचीच. तेव्हा हा गुण शरीराच्या आकारातून आलेला नसून मेंदूच्या कामाच्या वेगातून आलेला असावा, असे संशोधकांचे मत आहे. या उंदरांना ताल धरायला कोणी शिकवले नव्हते. पण म्हणून त्यांना मोझार्ट आवडला असे मात्र म्हणता येत नाही.

कुत्रा गळा का काढतो?

घरात पेटी किंवा व्हायोलिन वाजू लागले की काही कुत्री तोंड वर करून गळा काढतात. कुत्रे रडणे अशुभ अशी आपल्याकडे समजूत आहे, तर काहींना वाटते की त्याचे कान दुखतात. मूळ शोधायचे तर लांडग्याकडे जावे लागते. लांडग्याची लांबलचक आरोळी हा दूरवर पसरलेल्या कळपाचा परस्परांशी संपर्क असतो; एकाने सुरुवात केली की इतर सामील होतात. २०२३ साली बुडापेस्टच्या ऑट्वॉश लोरांड विद्यापीठातील संशोधकांनी ६८ जातिवंत कुत्र्यांना लांडग्यांच्या आरोळ्यांचे ध्वनिमुद्रण ऐकवले. वंशावळीने लांडग्याला जवळ असलेल्या जातींच्या कुत्र्यांनी आरोळीला अधिक वेळ आरोळीनेच उत्तर दिले, विशेषतः पाच वर्षांवरच्यांनी. नव्या जातींची कुत्री भुंकून मोकळी झाली.

आरोळीचे लक्षण म्हणजे लांबलेला, हळूहळू चढणारा-उतरणारा सूर. रुग्णवाहिकेचा भोंगा, सनई, पेटी यांचा सूर असाच टिकून राहतो. पियानोचा सूर आपटून विरतो. म्हणून पियानोपेक्षा या आवाजांनी कुत्र्याला सामील व्हावेसे वाटणे अधिक संभवते. कान दुखतात का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. दुखावलेले कुत्रे शेपूट पोटाशी घेऊन दूर जाईल. जवळ येऊन, अंग सैल ठेवून गळा काढणारे कुत्रे बहुधा आपल्या टोळीच्या गाण्यात भाग घेत असते!

शांत होणे आणि सरावणे

आता चौथा प्रश्न: संगीताने प्राण्यांना बरे वाटते का? २००२ साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील डेबोरा वेल्स आणि सहकाऱ्यांनी बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात ५० कुत्र्यांचे निरीक्षण केले. अभिजात संगीत चालू असताना कुत्री अधिक वेळ पडून राहिली व शांत होती. हेवी मेटल चालू असताना भुंकणे वाढले. पॉप संगीताने किंवा माणसांच्या बोलण्याने शांततेच्या तुलनेत विशेष फरक पडला नाही. २०१२ साली अमेरिकेत ११७ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात अभिजात संगीत असताना झोप वाढली आणि हेवी मेटल असताना थरथरणे वाढले. त्याच अभ्यासात कुत्र्यांसाठी म्हणून मुद्दाम तयार केलेले, विक्रीस असलेले संगीतही तपासले होते. त्याचा परिणाम अगदीच किरकोळ निघाला.

यानंतर ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडमधील प्राणिरक्षण संस्था यांनी हाच विषय पुढे नेला. २०१५ साली त्यांनी दाखवले की अभिजात संगीताचा शांत करणारा परिणाम खरा आहे, पण तेच संगीत रोज लावले तर तो लवकरच ओसरतो. याला जीवशास्त्रात सरावणे म्हणतात. ज्या आवाजातून चांगले-वाईट काहीच निष्पन्न होत नाही त्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो. २०१७ साली त्यांनी पाच प्रकारचे संगीत आलटूनपालटून लावले, आणि हृदयाच्या ठोक्यांतील अंतराच्या चढउतारांवरून पाहता सौम्य रॉक व रेगे यांचा परिणाम सर्वांत चांगला दिसला. म्हणजे अभिजात संगीतात कुत्र्यांसाठी काही जादू आहे असे नाही. गती, आवाजाची पातळी, दणकट ढोलांचा अभाव आणि थोडे वैविध्य यांना महत्त्व असावे. निवाऱ्यात शेजारच्या भुंकण्याचा सततचा गोंगाट असतो, हेही विसरू नये. शांत घरातल्या कुत्र्याला तो ताण मुळातच नसतो.

मांजरींच्या बाबतीत विस्कॉन्सिन विद्यापीठाचे चार्ल्स स्नोडन आणि चेलोवादक डेव्हिड टाय यांनी प्रश्नच उलटा केला. आपले संगीत आपल्या आवाजाच्या आणि हृदयाच्या बेताने घडलेले आहे. मग मांजरीच्या बेताने घडवले तर? त्यांनी गुरगुरण्याची आणि दूध पिण्याची लय घेतली, सूर मांजरीच्या आवाजाच्या पट्टीत चढवले आणि ४७ मांजरींना घरोघरी ऐकवले. २०१५ च्या या अभ्यासात मांजरी या संगीताकडे अधिक वळल्या, ध्वनिक्षेपकाला अंग घासू लागल्या. बाख आणि फोरे यांच्या रचनांकडे त्यांनी तेवढे लक्ष दिले नाही. २०१९ साली लुइझियाना राज्य विद्यापीठात २० मांजरींना पशुवैद्याच्या तपासणीवेळी असे संगीत ऐकवले, तेव्हा त्यांच्या वागण्यातला ताण कमी दिसला; रक्तातील ताणाच्या खुणेत मात्र फरक आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष सारख्याच प्रामाणिकपणे नोंदवले गेले, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

मालकाची नजर

मग नोराच्या पंजांचे काय? घरातल्या निरीक्षणात एक मोठी अडचण असते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘हान्स’ नावाचा घोडा टाप आपटून गणिताची उत्तरे देत असे. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट याने दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर हान्स चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या मानेची नकळत हालचाल होई आणि घोडा ती टिपे. फसवणूक कोणीच करत नव्हते.

पियानोपुढे हेच होऊ शकते. मांजरीने पट्टी दाबली की सगळे हसतात, कौतुक करतात, मालक वळून पाहतो. पट्टीतून सूर निघतो हे तिला आवडत असेल, किंवा सूर निघाला की माणूस लक्ष देतो हे आवडत असेल. पावलोव्हच्या कुत्र्यांना लयमापकाच्या टिकटिकीवर लाळ सुटे, ती टिकटिक मधुर वाटे म्हणून नव्हे, तिच्यामागून अन्न येई म्हणून. पियानोचे झाकण उघडले की मालक तासभर एका जागी बसतो, हे शिकलेली मांजर मांडीवर येऊन बसेल. फिरायला जाण्याची वेळ टळली हे शिकलेला कुत्रा कुरकुरेल. संगीत सुरू होण्यापूर्वीच प्रतिक्रिया आली, तर ती झाकणाला आहे.

शाळेत करून पाहा

या साऱ्याची परीक्षा विद्यार्थ्यांना घरी करता येईल. पियानो नसला तरी ध्वनिमुद्रण चालते. प्रत्यक्ष पेटी असेल तर तिचा वेगळा प्रयोग करावा. प्रत्येकी पाच मिनिटांच्या तीन पाळ्या घ्या: पियानो, तेवढ्याच आवाजात लावलेले बातम्यांचे निवेदन, आणि शांतता. क्रम नाणे उडवून ठरवा. ध्वनिक्षेपक खोलीत ठेवून माणसांनी बाहेर जावे आणि मोबाइलवर चित्रण करावे. आवाज आपण बोलतो त्याहून मोठा नको. मग गंमत अशी करायची की चित्रफीत दुसऱ्या विद्यार्थ्याने आवाज पूर्ण बंद करून पाहायची. त्या वेळी कोणती पाळी चालू होती हे त्याला ठाऊक नसावे. कान कितीदा हलले, प्राणी किती सेकंद पडून राहिला, ध्वनिक्षेपकाकडे आला की दूर गेला, याची त्याने फक्त मोजणी करायची. पाच-सहा दिवसांनी तक्ता मांडा. पहिल्या आणि शेवटच्या दिवसांतला फरक पाहिला तर सरावणेही डोळ्यांसमोर येईल.

ताणाच्या खुणा आधीच फळ्यावर लिहून ठेवाव्यात. कुत्र्यात पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, कारण नसता जांभया, मागे पडलेले कान. मांजरीत चपटे कान, मोठ्या झालेल्या बाहुल्या, आपटणारी शेपटी. पक्ष्यात अंगाशी घट्ट दाबलेली पिसे. यातले काही दिसले की पाळी थांबवावी. पिंजऱ्यात कोंडलेल्या प्राण्यावर हा प्रयोग करू नये. देशी पोपट पाळण्याला तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे बंदीच आहे, हे मुलांना या निमित्ताने सांगता येईल.

आणखी एक अट. प्रयोग चालू असताना खोलीचे दार उघडे असले पाहिजे. एखादी मांजर पियानोच्या पहिल्या मिनिटालाच उठून गेली, तर बरेच विद्यार्थी ‘प्रयोग फसला’ असे लिहितील. त्यांना वहीत वेळ आणि पाळी नोंदवायला सांगा. तिने सोडलेली ती खोली हीच तिची नोंद आहे, आणि दार उघडे असल्यामुळेच ती आपल्याला मिळाली.